एका पानावरच्या तीन सिस्टिम

चिंचेचा कोळ लावलेली समई अर्धीच उजळली होती. ताम्हन तर अजून काळंच होतं. तेवढ्यात दारात नागनाथ उभा राहिला, काखेत लॅपटॉप. अंबूबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली समई खाली ठेवली.

त्या लॅपटॉपात अंबूबाईंच्या नवऱ्याचा, योगीराजांचा आवाज होता. चामराजपेटेत, घराच्या पुढच्या खोलीत, त्यांनी तीस वर्षं, आधी रेडिओ आणि मग कॉम्प्युटर, दुरुस्त केले. नागनाथ त्यांच्याच हाताखाली शिकला. घरच्या लॅपटॉपात त्यांनी एकाच डिस्कवर तीन सिस्टिम बसवल्या: एक स्वतःची, एक बायकोची, एक नवं काही करून बघायला.

"एका घरात तीन चुली. भांडतील की," अंबूबाई म्हणाल्या होत्या.

"चुली कसल्या? केळीचं पान समज. वेगळ्या वाट्या मांडल्या, तर वाटीत वाटीएवढंच मावतं. पानावर ज्याला लागेल तेवढी जागा तो घेतो. मध्ये भिंत नाही, पण कालवाकालवही नाही."

"वाढणारा शहाणा हवा."

"तो आहे ना," म्हणून ते स्वतःवरच हसले होते.

पहाटेची आरती त्यांनी एकदा स्वतःच्या आवाजात लॅपटॉपात भरून ठेवली. शेवटी "अंबू, नैवेद्य आण" म्हणाले, तेही त्यात भरलं गेलं.

गेल्या वर्षी ते गेले. माणसाचं काही मागे ठेवू नये, जीव अडकतो, ही घरची रीत. तेराव्याला अंथरूण दिलं, कपडे दिले, चष्मासुद्धा. त्याच ओघात त्या नागनाथला म्हणाल्या, "ह्यांची सिस्टिमही काढून टाक."

"अक्का, स्वल्प दिवस राहू दे की."

"रीत तू मला शिकवणार?"

त्याने काढली. आरती आपल्याच भागात आहे अशी अंबूबाईंची समजूत, कारण त्यांच्या पडद्यावर ती रोज दिसायची. प्रत्यक्षात ती होती ह्यांच्या भागात. इकडे पडद्यावर नुसता तिकडे नेणारा शॉर्टकट, वाट काढून दिलेली. वर्षभर ऐकायचा धीर झाला नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून आठ दिवसांपूर्वी उघडायला गेल्या, तर आत काहीच नाही. तेव्हा शोधायला नागनाथकडे दिलेला लॅपटॉप तो आज परत घेऊन आला होता.

"एखादा तुकडा तरी, नागनाथ?"

"नाही अक्का. मोकळ्या झालेल्या जागेवर नवं लिहिलं गेलंय."

"नवं काय? मी कुठं काय लिहिलं?"

"तुमची भजनं."

दर गुरुवारी मंडळाची भजनं त्या त्यात भरायच्या. ह्यांना पोचतील म्हणून.

"म्हणजे ह्यांच्यावर मीच वाढलं."

"मी काढण्याआधी बघायला पाहिजे होतं, अक्का."

"तुला काढ कोण म्हणालं? मीच ना. बस. कॉफी घे."

"सरी," मान हलवून तो बसला.

कॉफी देऊन त्या पुन्हा समईपाशी बसल्या. चिंच वाळून समईवर डाग धरला होता. तो निघेपर्यंत घासलं, ताम्हन तसंच राहिलं. मग पदराला हात पुसून पिशवी शोधली. मार्केटात जाऊन वर्षश्राद्धासाठी केळीची पानं सांगून यायची होती.