तारीख नसलेली चिठ्ठी आणि एक वॅट

१४ मार्च, शनिवार. अकरा हजार सहाशे चाळीस रुपये मोजून टोटलने पाच वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला आणि चोरीचा माल असावा तसा पोटाशी धरून तीन गल्ल्या चालत घरी आणला.

टोटल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो तीस वर्षांपासून हजेरीकारकून होता. दिसेल त्याला ‘टोटल लागली का?’ असं विचारायची सवय, म्हणून हे नाव पडलं. हिशेबाला पक्का आणि स्वभावाने ससा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडासारखं झालं. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबून दाबून चेंडूच मऊ पडला. मग त्याने माळ्यावरून तरुणपणीची इलेक्ट्रिक गिटार काढली. सहा महिन्यांत बोटं वळू लागली. चार दिवस खंड पडला, की पुन्हा आखडत.

पण ती गिटार नुसती छेडली तर डास गुणगुणल्याइतका आवाज. कमजोर बोट तारेवर नीट टेकलं की नाही, तेच कळत नसे. जुना तीस वॅटचा ॲम्प्लिफायर लावावा, तर खाली ताई.

ताई म्हणजे घरमालकीण. निवृत्त नर्स, एकटी बाई, शब्दाची पक्की. टोटल आणि त्याची बायको सव्वीस वर्षं त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होते, तेही जुन्याच भाड्यात. गिटार सुरू झाल्यापासून आवाजाच्या तक्रारीच्या दोन चिठ्ठ्या आल्या होत्या, दोन्हींवर तारीख आणि सही. तिसरी आली की खोल्या सोडायच्या. टोटलच्या पगारात त्या गावात दुसरं छप्पर मिळणार नव्हतं, हे त्याने तीनदा मांडून पाहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

वाद्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकने त्याला आधीच सांगितलं होतं.

“काका, हेडफोन लावा की.”

“भोवळ येते रे. झटक्यापासून कानाला काही चालत नाही.”

“मग व्हॉल्व्हचा छोटा घ्या, जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, तसला. व्हॉल्व्ह तापले आणि जरा रेटले की सूर कसा ऊन लागल्यासारखा येतो. मोठ्यात रेटाल तर भिंती पडतील. एक वॅटचा आहे माझ्याकडे, मीच बनवलाय.”

“एक म्हणजे अगदीच नावापुरता. पाचचा दे. तीस भागिले पाच, सहा. आवाज एक षष्ठांश झाला, ताईंना पत्ताही लागणार नाही.”

“काका, कान भागाकार करत नाहीत. पाच वॅटमध्ये शाळेचा वर्ग दणाणतो.”

टोटल हसला. आकड्यांत आपल्याला कोणी शिकवावं, हे त्याला तीस वर्षांत पटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने यंत्र जमिनीवर ठेवलं, व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत थांबला आणि एकच झणकारा दिला. फळीवरची भांडी नाचली. बायको छातीवर हात ठेवून बाहेर आली. “अहो, षष्ठांश तो हाच का?”

खालचं दार उघडलं. जिन्यावर पावलं वाजली. ताई दारात उभ्या राहिल्या, हातात घडी घातलेला कागद.

“तिसरी चिठ्ठी लिहून तयार आहे. तारीख तेवढी घातली नाही. पुढच्या वेळी घालीन.”

त्या रात्री टोटलच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तारीख असलेल्या कागदाला तो कधी भ्याला नव्हता. हा कोरा रकाना मात्र अंधारातही दिसत होता.

सोमवारी तो मान खाली घालून दुकानात गेला. मेकॅनिकने टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. पाच वॅटचा परत घेऊन त्याने एक वॅटचा दिला. हाताने बनवलेला म्हणून तो अकराशे दहा रुपयांनी महाग. टोटलच्या खिशात साडेसातशे निघाले.

“राहू द्या, नंतर द्या. आणि जमिनीवर ठेवू नका, फरशी दणका खाली पोचवते. खुर्चीवर ठेवा, खाली जाड रजई.”

पण खाली ऐकू जातं की नाही, याची पारख कशी करायची? बायकोने युक्ती काढली. “मी ब्लडप्रेशर मोजायला म्हणून खाली जाते. आवाज आला तर नळाच्या पाइपावर चमचा मारीन. तुम्ही लगेच बंद करा.”

ती गेली. टोटलने यंत्र खुर्चीवर ठेवलं. आवाजाची खुंटी दोनवर ठेवून त्याने तार छेडली आणि पाइपाकडे कान लावला. काही नाही. तीनवर. काही नाही. चारवर व्हॉल्व्ह जरा रेटले गेले, सूर भरदार झाला आणि करंगळी नेमकी जागेवर बसल्याचं त्याला स्वच्छ ऐकू आलं.

तेवढ्यात पाइप खणाणला.

टोटलने बटण बंद केलं. गिटार तशीच मांडीवर. जिन्यावर दोघींची पावलं. सव्वीस वर्षं या दारातून नेलेलं आणलेलं सगळं सामान त्याच्या डोळ्यांपुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं.

ताई आत आल्या, दंडाला बांधायचा पट्टा हातातच. मागे बायको, रडवेली.

“हिचं ब्लडप्रेशर एकशे ऐंशी! मी म्हटलं, बाई, एवढी कशाला भ्यालीस? तर हिचा हात असा थरथरला, की चमचा पाइपावरच आपटला. माझ्या काळजाचं पाणी झालं!”

“म्हणजे... गिटार?” टोटलने विचारलं.

“गिटार कुठली? आज वाजवत होता?”

मग बायकोने आखडलेल्या बोटांपासून चमच्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. ताईंनी टोटलचा डावा हात धरला, करंगळी वाकवून पाहिली, पुन्हा वाकवून पाहिली. “हे मला आधी का सांगितलं नाही?”

“भीती वाटली.”

“नर्सला?”

“घरमालकिणीला.”

ताईंनी हात सोडला आणि यंत्राची खुंटी कितीवर आहे ते वाकून पाहिलं. “संध्याकाळी पाच ते सहा. खुर्चीवरच. खुंटी चारच्या पुढे नाही. आणि हिला उद्या डॉक्टरकडे न्या, माझ्या भीतीने मेली तर मला पाप लागेल.”

“आणि... चिठ्ठी?”

“ती माझ्या कपाटात आहे. तिथेच राहील.”

तारीख घालणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि टोटलने विचारलं नाही. तो रोज पाचला खुर्ची ओढतो, रजई चाचपतो, खुंटी चारवर आहे ना हे दोनदा पाहतो. खालचं दार वाजलं की अजून त्याचा हात तारांवर थांबतो. बोटं मात्र वळतात.

मेकॅनिकचे तीनशे साठ रुपये द्यायचे बाकी आहेत.