पाठ केलेला जॅझ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि तो तीस वर्षं भिंतीपलीकडून माझा रियाज ऐकतो आहे.

मैसूरमध्ये मला ओळखतात ते जॅझ पियानो वाजवणारी बाई म्हणून. पुण्यात कॅम्पातल्या एका गोवेकर सरांकडे शिकले, मुंबईच्या हॉटेलांतून वाजवलं, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो. सरस्वतीपुरमच्या घरात शिकवण्या सुरू केल्या. दर रविवारी संध्याकाळी येलवालकडच्या एका रिसॉर्टमध्ये वाजवायची. लोक म्हणायचे, बाईंना ऐन वेळी कसं सुचतं हो!

जॅझमध्ये ठरलेली चाल एकदा वाजवून झाली की पुढचं लिहिलेलं नसतं. ते तिथेच, त्या क्षणी सुचावं लागतं. आणि मला – कसं सांगू? – मला कधीच सुचलं नाही. मी घरी सगळं कागदावर उतरवायची, पाठ करायची, आणि लोकांसमोर डोळे मिटून, मध्येच जरा अडखळल्यासारखं करून वाजवायची. अडखळण्याचाही रियाज केलेला असायचा.

पण सांगायचं आहे ते हे नाही. म्हणजे – हेही आहे. पण दुसरं याहून वाईट आहे.

सुमित्रा माझी विद्यार्थिनी. मार्केटजवळच्या शिंप्याची मुलगी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं, बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारं मराठी घर. सात वर्षं माझ्याकडे शिकली. एकोणिसाव्या वर्षी तिला एकच चाल दहादा वाजवायला सांगा, दहा वेगळ्या वाटांनी जाऊन परत यायची. शेजारी बसून ऐकताना मी उगाच तिच्या बोटांतल्या चुका शोधायची. शिक्षिकेला आनंद व्हायला हवा ना? झालाही असेल, आधी आधी.

ती ओळीने तीन रविवार रिसॉर्टमध्ये मला ऐकायला आली. मग शिकवणीला बसल्यावर अगदी सहज म्हणाली, "मिस, तो मधला भाग तुम्ही दर वेळी सेमच वाजवता, अल्लवा? मला बाय-हार्ट झालाय." आणि वाजवून दाखवला. माझं अडखळणंसुद्धा, जिथल्या तिथे.

तिच्या मनात काही नव्हतं. कौतुकच होतं. मी हसले.

त्याच महिन्यात ती चेन्नईच्या एका संगीत कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. सोबत तिचे अप्पा. शिक्षिकेचं पत्र लागत होतं. अप्पा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आम्हाला यातलं काही गोत्तिल्ला, मॅडम. तुम्ही हो म्हटलं तर पाठवतो."

मी काय म्हटलं? शब्द न शब्द आठवतो. हात चांगला आहे, पण तिच्यात स्वतःचं काही नाही. ती नक्कल करते. सुमित्राकडे न बघता म्हटलं – नाही, पुन्हा खोटं बोलले. तिच्याकडे बघत म्हटलं.

तिने फॉर्मची घडी घातली. पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. अप्पांच्या दुकानात ब्लाउजची मापं घ्यायला लागली, मग लग्न झालं. मत्सर होता का? की चेन्नईत कुणाजवळ ती सहज काही बोलून जाईल, ही भीती? दोन्ही होतं. फॉर्म पाठवायला अजून तीन आठवडे होते. त्या दिवसांत मी दुकानावरून कितीदा तरी गेले. मान वळवून गेले.

यंदा जूनमध्ये, चौदा वर्षांनी, ती दारात उभी. सोबत नऊ वर्षांची मुलगी.

"मिस, तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर अप्पांना उगाच त्रास. मी नंतर कधी हातसुद्धा लावला नाही. आता हिला शिकवा. पण हिच्यात स्वतःचं काही नसेल तर लवकर सांगून टाका, आय्ता?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती?

मी म्हटलं, "सांगेन."

मुलगी आता मंगळवारी आणि शुक्रवारी येते. सुमित्रा तासभर बाहेर पायरीवर बसून राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही.