सोळा वर्षांची गाठ

आई विहारात वंदनेला खाली बसेनाशी झाली, तेव्हा मला वाटलं गुडघे दुखत असतील. सगळ्या बाया सतरंजीवर बसायच्या, ही मागे उभी. मी वर्ध्याहून आष्टीकडच्या आमच्या गावी गेले की विचारायची. ती म्हणायची, "काई नाई, उष्णता हाय."

एका उन्हाळ्यात दोरीवर, तिच्या पातळाखाली लपवून वाळत घातलेली पट्टी मला सापडली. लंगोटीसारखी, टोकांना नाड्या शिवलेली. मी ती घेऊन घरात गेले. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "दार लावून घे."

लाजेच्या जागेला लागून मुठीएवढा मऊ गोळा लोंबत होता. कातडीच्याच रंगाचा.

"कधीपासून?"

"तू बारावीले होती तवापासून. तवा बोराएवढा होता."

म्हणजे सोळा वर्षं.

"काऊन नाई सांगितलं?"

"कोणाले सांगू? तुह्या बापाले?"

मावशीनंही असंच अंगावर काढलं होतं. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या. आम्हा दोघींनाही ते आठवलं.

सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला लावला. म्हणाल्या, "वरून दिसते तेवढीच नाही, आतही गेली आहे." ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली. रिपोर्टची वाट बघताना आईनं नवी पातळं वहिनीला देऊन टाकली. मला जवळ बसवून लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं.

कॅन्सर नव्हता. दुर्मिळ, पण साधी गाठ. मी तिथंच रडले. डॉक्टरीणबाई थांबल्या, मग म्हणाल्या, "या गाठीची खोड वाईट आहे. काढली तरी त्याच जागी परत येते, कधी कधी कित्येक वर्षांनी. दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

तीन वेळा काही निघालं नाही. मागच्या महिन्यात तपासताना त्यांचा हात एका जागी थांबला. पुन्हा दाबून पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बारीकसं काहीतरी लागतंय. पुन्हा एमआरआय करू."

आई तोवर बाहेर बाकावर जाऊन बसली होती. "काय म्हणे?"

"काई विशेष नाई."

तिनं माझं मनगट धरलं. "खरं सांग, बाई."

मी सांगितलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "बाजाराचा दिवस सोडून तारीख घेजो."