म्हशीसमोरची मोटार

मला मोटार चालवता येत नाही. पण जुन्या मोटारींच्या जाहिराती जमवायचा विलक्षण नाद आहे. कोल्हापुरातल्या रद्दीच्या दुकानांत बसून मी जुन्या इंग्रजी मासिकांतली पानं शोधतो आणि घरी आणून प्लास्टिकच्या पाकिटांत जपून ठेवतो. बहुतेक चित्रांत मोटारीला टेकून हॅट घातलेली एक बाई उभी असते. बायको त्या सगळ्यांना ‘माझ्या सवती’ म्हणते.

गेल्या वर्षी पेठ वडगावजवळच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. माझा नंबर त्याला रद्दीवाल्यानं दिला होता.

“पावणं, तुमच्याकडं जुन्या गाड्यांची चित्रं हायत म्हणं. आमच्याकडं एक गाडी हाय, आज्जानं घेतलेली. जरा बघून जावा की.”

रविवारी मी आणि बायको गेलो. मोटार गोठ्यात होती. लांबलचक बॉनेट, मोठे गोल दिवे, दाराखाली पाय ठेवायची फळी. टपावर वैरण रचलेली. माझ्याकडच्या एका जाहिरातीत अगदी हीच मोटार होती, आणि तिला प्रत्यक्ष पाहायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मोटारीच्या बरोबर समोर एक म्हैस बांधलेली होती. ती रवंथ करत मोटारीकडे बघत होती.

“ही दुर्मिळ आहे. विकायची नाही का?” मी विचारलं.

“विकली हुती की. पुण्याचा एकजण ट्रकात घालून घेऊन गेला. त्या सांजंपासनं म्हशीनं पान्हा चोरला. पेंड बदलली, डॉक्टर आणला, काय उपयोग न्हाय. शेवटी आई म्हणाली, तिला गाडी दिसंना झालीया. गाडी परत आणली, तशी चरवी दुधानं भरली.”

“मग आता?”

“त्यो पुण्याचा पुन्हा मागतोय. म्हटलं, तुमच्याकडचं चित्र मोठं करून हितं लावावं. बघूया म्हस फसतीया का.”

मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या संग्रहाचा कुणाला उपयोग व्हावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी गंभीरपणे विचारलं, “केवढं मोठं?”

“गाडीएवढं.”

कोल्हापुरातल्या फ्लेक्सवाल्यानं जाहिरात बघून विचारलं, “वाढदिवस कुणाचा?”

“कुणाचा नाही. म्हशीला दाखवायचंय.”

“बरं. मग शुभेच्छुक कोण टाकू?”

कुणीच नको म्हटल्यावर मात्र त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

पुढच्या रविवारी भावकीतल्या चौघांनी मोटार ढकलत अंगणात आणली आणि तिच्या जागी फ्लेक्स ताणून बांधला. म्हैस बराच वेळ बघत राहिली. मग हॅटवाल्या बाईकडे बघून तिनं जोरात फुरफुर केलं. शेतकऱ्याच्या आईनं शांतपणे एक पोतं आणून त्या बाईवर टाकलं.

“बरं केलंत, मावशी,” बायको म्हणाली.

मावशी चरवी घेऊन बसल्या. थोड्या वेळानं चरवीत पहिली धार वाजली.

दूध काढून झाल्यावर अंगणात चहा झाला. मोटार धुतली होती. वैरण आणि धूळ निघाल्यावर आतून गर्द हिरवा रंग बाहेर आला होता, आणि शेतकरी टक लावून तिच्याकडे बघत होता.

“त्या चित्राखाली काय लिवलंय?” त्यानं विचारलं.

मी मराठीत सांगितलं, “ज्याला कुठंही पोचायची घाई नाही, त्याच्यासाठीच ही बनवली आहे.”

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसला. मग शेजारची जागा हातानं झटकली. “बसा की, पावणं.”

मी बसलो. इंजिन कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेलं, टायर चपटे. तरी आम्ही दोघं समोरच्या उसाकडे असे बघत बसलो, जणू गाडी चालली आहे. इतक्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

“न्हाय जमायचं,” शेतकरी त्याला म्हणाला. “गाडी आमीच घेतली.”

मावशींनी दारातून विचारलं, “मग आता दोन्ही गाड्या ठेवायच्या, ही बी आन् चित्रातली बी?”

“व्हय.”

पावसाळ्याआधी अंगणात गाडीवर पत्र्याची शेड उभी राहिली. एखाद्या रविवारी आम्ही जातो. मी पुढं बसतो, बायको आणि मावशी मागं. चहा संपेपर्यंत कुणी उतरत नाही.