दादाला समोरचं स्वच्छ दिसायचं

"आत्या, तात्या गेलं..." सांगवीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या घरी डोळ्यांत थेंब टाकून पडले होते. थेंबांनंतर थोडा वेळ डोळे मिटून राहायचं असतं. मी तशीच पडून राहिले आणि मिटल्या डोळ्यांनीच दादावर, म्हणजे पुतण्याच्या तात्यांवर, चिडले. झोपेत हृदय बंद पडलं, त्याला कोण काय करणार? पण त्याआधीची वर्षं त्याने ज्या हट्टापायी घालवली, त्याचा राग इतके दिवस उलटले तरी माझ्या मनातून जात नाही.

माझा थोरला भाऊ ऊसवाला शेतकरी आणि माणसांचा लोभी. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्याची लेक सुनीता काटेवाडीला दिलेली. भावकीतल्या एका लग्नात तिचे सासरे मांडवात दादाच्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले, हात जोडून "रामराम पाहुणं" म्हणाले. बँडच्या गोंगाटात ते ऐकू गेलं नाही आणि दादा सरळ पुढे निघून गेला. आमच्याकडे एवढं पुरतं. व्याही न जेवता घरी गेले आणि सुनीताचं माहेरी येणं बंद झालं. दादाही फुगून बसला. "त्यांनी म्होरं येऊन भेटायचं का न्हाय? लेकीचा बाप म्हणून किती वाकायचं?"

पुढे मी चष्म्याचा नंबर बदलायला बारामतीला गेले, तर डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो, मधलं मात्र शेवटपर्यंत दिसत राहतं, असं त्यांनी समजावलं. सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या म्हणाले. मी तडक सांगवी गाठली. दादाने ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेपर उचलला आणि त्यातली सगळ्यात बारीक जाहिरात मला खणखणीत वाचून दाखवली.

"हे दिसतंय मला. आन काय दाखवू? दुखत न्हाय, खुपत न्हाय, दवाखाना कशाला?"

वाचता वाचता कोपराने बाजूचा चहा सांडला आणि तो इथं कुणी ठेवला म्हणून वहिनीवर खेकसला. मला त्या क्षणी लग्नातला मांडव आठवला. जन्मभर शाळेत शिकवलं, ढ पोरांनाही पाढे शिकवले, पण या माणसाच्या डोक्यात एवढीशी गोष्ट शिरेना. दरवेळी मी तेच सांगायचे, दरवेळी तो पेपर उचलायचा.

शेवटी शेजाऱ्याच्या फाटकावर मोटारसायकल घातली, तेव्हा कुठे माझ्याबरोबर बारामतीच्या डॉक्टरांकडे आला. यंत्रात तोंड घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. बाजूचे ठिपके येऊन जात होते आणि दादाचं बोट जागचं हलत नव्हतं... गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखू, असं डॉक्टर म्हणाले. शेजाऱ्याने दरवर्षी थोडाथोडा बांध कोरावा तसं झालं होतं. शेतात कुणी वीतभर सरकला असता तर दादा कुऱ्हाड घेऊन उभा राहिला असता. इथे अर्धं रान गेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

परतताना गाडीत तो म्हणाला, "शकू, काटेवाडीला जाऊन सांग. मी मुद्दाम न्हाय केलं म्हणावं."

मी गेले. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, परवा बारामतीच्या स्टँडवर पेपर वाचत बसलं व्हतं की. डोळं गेलेला माणूस पेपर वाचतो व्हय?" घसा बसेपर्यंत समजावलं, काही उपयोग झाला नाही. दोन शहाणे, आणि दोघांचा पुरावा एकच. सुनीता माहेरी आली ती थेट बापाच्या मातीला. तिच्या रडण्याकडे मला बघवलं नाही.

परवा सांगवीला होते, तेव्हा व्याही भेटायला आले. ओसरीवर दादाची खुर्ची तशीच आहे आणि त्याचा पेपरही येतो. बंद करायला कुणाची जीभ रेटत नाही. व्याही त्या खुर्चीत बसले, मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच माझं, बाई. सुनीताला आता कवाबी धाडतो."

"ते धाडाच. पण तुम्ही कधी डोळे तपासलेत?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी दादाचा पेपर उचलला आणि उसाच्या दराची बातमी मोठ्याने वाचायला लागले. थेट दादासारखे, एक अक्षर न अडखळता. मी त्यांच्या डाव्या बाजूला चहाचा कप धरून उभी होते. ते वाचत राहिले. कप जरा पुढे केला, तरी वाचतच राहिले. कदाचित वाचण्यात रंगले असतील, माझं मेलीचं मनच आता संशयी झालंय... पण दादाच्या वेळी अशा कदाचितमध्येच वर्षं गेली. मी कप खाली ठेवला.

"पेपर ठेवा, पाहुणे, आणि चपला घाला. बारामतीला जायचंय."

"आत्ता? आवो, पण मला सगळं दिसतंय की..."

"माहितीय," मी म्हणाले. "त्यालाही दिसायचं."