डावरीनं धरलेली नस

गुरांचे डॉक्टर पुष्कळ असतील, पण डावरीसारखा हात दुसरा नाही. हे तिचा थोरला भाऊ म्हणतो म्हणून नाही, म्हशीच सांगतात. एरवी लाथा झाडणारी म्हैस डावरी मागे उभी राहिली की गपगुमान रवंथ करते. थोरल्याचं शिक्षण सातवीपर्यंत, मोटारसायकली दुरुस्त करतो. पण या विषयावर त्याच्याशी वाद घालायला अजून कुणी धजलेलं नाही.

लहानपणी ती सगळं डाव्या हातानं करायची, म्हणून डावरी. शाळेत बाई तिचा डावा हात बाकावर दाबून धरायच्या. पुढे गुरांच्या कॉलेजात गेली, तर तिथले सर म्हणाले, "डावा? झकास! डाव्यानंच तपासायचं असतं." ज्या हातावर छड्या खाल्ल्या, त्याच हातानं तिथे पहिला नंबर काढला.

कॉलेजात एका लांबट खोलीत फळ्यांवर काचेच्या बरण्या होत्या, आणि बरण्यांत न जन्मलेली रेडकं. दोन महिन्यांचं उंदराएवढं, तीन महिन्यांचं घुशीएवढं, पाच महिन्यांचं चांगलं मांजराएवढं. खाटिकखान्यातून आणलेल्या गर्भपिशव्या टेबलावर असायच्या. बाकीचे नाकाला रुमाल लावून पळायचे. डावरी डोळे मिटून एकेक पिशवी चाचपायची. कोणत्या महिन्यात एक बाजू फुगते, कधी आत बोरांसारख्या गाठी लागतात, कधी वजनानं सगळी पिशवी पोटात खाली उतरते, सगळं बोटांना पाठ. सुट्टीत घरी आली की जेवताना सांगायची, "दादा, पाचव्या-सहाव्या महिन्यात रेडकाच्या ओठांवर लव येते. मिसरूड फुटल्यासारखी."

"अगं, घास तरी गिळू दे," थोरला म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचा.

तर त्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाच्या काकूंच्या गोठ्यासमोर टेम्पो उभा होता. काकूंची म्हैस चांदी विकली जाणार होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. आई मेल्यावर काकूंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. पण तीन दिवसांपूर्वी टोचणीवाले भाऊ येऊन गेले होते. म्हशी गाभण राहाव्यात म्हणून वीस वर्षं टोचण्या देणारा जुना माणूस. त्यांनी हात घालून निकाल दिला होता, "रिकामी आहे काकू. हाताला काहीच लागत नाही." भाकड म्हैस पोसायची काकूंची ताकद नव्हती, आणि टेम्पोवाला तिला कुठे नेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरल्यानं डावरीला मोटारसायकलवरून आणली ती थेट टेम्पोला आडवी गाडी घालून.

"थांबा! आधी आमची बघेल, मग म्हैस हलेल."

"अहो, भाऊंनी बघितलीय ना," टेम्पोवाला कुरकुरला.

"भाऊंनी बघितली. आता डॉक्टर बघेल."

भाऊही तिथेच होते. चेहरा पडला त्यांचा. डावरीनं थोरल्याला डोळ्यांनी दटावलं, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, साबणपाणी लावलं. थोरल्यानं शेपूट धरली. शेपूट नेहमी तोच धरतो आणि निम्मं श्रेय घेतो.

"टोचून किती दिवस झाले, काकू?"

"पाच महिने होतील. नंतर माजावर आलीच नाही गं. मला वाटलं, गाभण आहे."

"म्हशीचा माज मुका असतो," भाऊ म्हणाले. "ओरडत नाही, काही नाही. आला नि गेला, कुणाला कळतंय?"

"ते खरं," डावरी म्हणाली. हात कोपराच्या वर गेला. ती डोळे मिटून उभी. काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग डावरी म्हणाली, "भाऊ बरोबर सांगतात. पिशवी हाताला लागत नाही."

काकू मटकन ओट्यावर बसल्या. थोरल्याच्या हातातली शेपूट सुटली.

"दादा, शेपूट! काकू, रडू नका, पुढचं ऐका. रिकामी असती तर पिशवी इथेच हातात आली असती. मग गेली कुठे? भरली म्हणून खाली पोटात उतरली." तिची बोटं आत हाडाच्या कडेनं सरकली, थांबली, आणि ती हसली. "भाऊ, मोजा घाला. या."

"मी? कशाला?"

"या तर खरं. हाडाच्या आतल्या अंगाला जाड नस लागेल, बोटाएवढी. दाबू नका, नुसती धरा."

भाऊंनी हात घातला. आधी कपाळाला आठ्या. मग भुवया वर.

"अगं… ठोके नाहीत पडत. गुणगुणतेय ही!"

"माशी बाटलीत अडकल्यासारखी?"

"तश्शी!"

"रेडकाला रक्त नेणारी नस आहे ती. पोट रिकामं असलं की नुसता ठोका देते."

भाऊ हात तसाच आत ठेवून उभे राहिले, सोडवेना. "आयुष्यभर दोन-तीन महिन्यांवरच तपासत आलो," ते हळूच म्हणाले. "तेव्हा पिशवी हातात येते. पाचव्याला कधी हातच घातला नव्हता गं."

"तुमचा हात नाही चुकला, भाऊ. अर्थ चुकला."

"काढा आता हात," थोरला म्हणाला, "नाहीतर रेडकू तुमचं बोट धरून बाहेर येईल." काकू डोळे पुसता पुसता हसल्या. टेम्पो रिकामा गेला.

डावरीनं काकूंच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल केला. टोचणीपासून दहा महिने नि दहा दिवस धरून. चार-दोन दिवस इकडेतिकडे, म्हणाली. आता भाऊ टोचणी देऊन झाली तरी पाचव्या महिन्यात पुन्हा येतात, नस ऐकायला.

चांदी व्याली गोल केलेल्या तारखेनंतर नवव्या दिवशी. रेडी, आणि कपाळावर तसाच ठिपका. टेम्पोवाल्यानं गॅरेजात येऊन टोमणा मारलाच, "काय हो, डॉक्टरीणबाईंचा हिशोब नऊ दिवस चुकला म्हणे?"

थोरल्यानं पाना खाली ठेवला. "गोल बरोबर होता," तो म्हणाला. "रेडीलाच यायला उशीर झाला."