आधी चित्र, मग माणूस

कालव्याच्या कडेचा रस्ता अर्धा संपला होता आणि मावशीचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

"तो बघ," भाचीचं कोपर धरून ती म्हणाली. "पुढे चाललाय तो, राखाडी शर्टवाला. सांग बघू, याला काय हवंय?"

"मला काय माहीत? विचारून येऊ का?"

"विचारायला तोंड लागतं, बघायला डोळे पुरतात. चष्म्याच्या दुकानात नोकरी करतेस आणि तुला कसं दिसत नाही गं?"

भाचीने नीट पाहिलं. माणसाचे दोन्ही हात खिशात होते, कोपरं अंगाला चिकटलेली.

"थंडी वाजतेय त्याला."

"उन्हाने टाळकं तापलंय इथे!"

"मग... कोणी हाक मारू नये असं वाटत असेल."

मावशी थांबली. "आता कसं बोललीस! खांदे कानांना टेकलेत बघ. अशा माणसाला कासव व्हायचं असतं. याचं चित्र काढायचं तर मान काढायचीच नाही. खांद्यावर डोकं नुसतं ठेवून द्यायचं, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं."

त्या शुश्रूषागृहाकडे चालल्या होत्या. पुलाचं काम निघाल्यापासून बस लांबून वळसा घालून जायची आणि तिथूनही बरंच चालावं लागायचं, म्हणून मावशीने बसचा नादच सोडला होता. तिला चालायचंच होतं. घरात बसून माणसं काढता येत नाहीत, असं तिचं म्हणणं. आज तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, जुन्या पंच्यात गुंडाळलेला एक पुठ्ठा होता. त्याचा विषय तिने घरापासून काढला नव्हता. भाचीनेही काढला नव्हता. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती, एवढंच.

मावशीने उभी हयात एका छापखान्यात काढली. तिथे मुलांच्या चित्रकथा छापत. मुख्य चित्रकार पेन्सिलीने आकृत्या काढायचा आणि मावशी त्यांवर शाई फिरवायची. ढेरपोट्या कोतवाल, नखरेल कोल्हा, विसराळू राजा. रेघ अशी ओढायची की कुठे थरथर नाही, कुठे गाठ नाही. मग पेन्सिल खोडायची आणि पान छपाईला द्यायचं. या कामात जिचा हात दिसत नाही तीच हुशार. मावशी फार हुशार होती. "दुसऱ्यांची लेकरं न्हाऊमाखू घालून शाळेत धाडायची, असलं काम ते," ती म्हणायची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि स्वतःचं असं एक पात्रही तिने कधी काढलं नव्हतं.

मावशीच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, धंदा घड्याळदुरुस्तीचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगा बघणारा माणूस. त्यांचं विसरणं सुरू झालं ते नावांपासून नाही, तर चेहऱ्यांपासून. एकदा लग्नातला फोटो हातात घेऊन ते म्हणाले, "कुणाची गं ही मंडळी? आपल्याकडे का आलाय हा फोटो?" मावशीला वाटलं थट्टा करताहेत. ती हसलीसुद्धा. मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला आणि काकांनी चोर समजून त्याला छत्रीने बदडलं. शिंपी बिचारा भला माणूस. कपाळावर टेंगूळ घेऊन म्हणाला, "असू द्या वहिनी, पँट उशिरा दिली त्याची शिक्षा समजतो."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिने बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि काकांना समजावता समजावता त्यावर शिंपी काढला. गळ्यात टेप, एक डोळा मिटलेला, कमरेतून मागे रेललेला, जणू सगळ्या जगाचं माप घेतोय. घाईघाईत, हाताला येईल तसा. काकांनी झाकणाकडे पाहिलं आणि खदखदून हसले.

"शिंप्या! लेका, कधी वेळेवर देशील का कपडे?"

फोटोतला माणूस ओळखता येत नव्हता, खोक्यावरचा आला. डॉक्टरांनी याचं काहीतरी कारण सांगितलं, ते मावशीच्या डोक्यावरून गेलं. तिने आपल्यापुरता अर्थ लावला. फोटोत माणसाचं तोंड येतं, वागणं येत नाही. आणि यांच्याजवळ आता लोकांचं फक्त वागणं शिल्लक आहे.

मग ती म्हातारपणी शिकायला बसली. शिंपी सहज जमून गेला होता, पुढचं कोणी जमेना. दूधवाला काढला तर तो साबणाच्या वेष्टनावरच्या बाळासारखा गुटगुटीत आला. शेजारीण काढली तर कोणत्याही चित्रकथेतली कोणतीही राणी. भाची तेव्हा संध्याकाळी दुकानातून परस्पर तिच्याकडे जायची आणि खाटेवर पसरलेले कागद बघायची. पेन्सिलीचं कच्चं चित्र बरं असायचं, त्यात काहीतरी हलत असायचं. मग मावशीच्या हाताला राहवायचं नाही. ती शाई काढायची, वाकडं सरळ करायची, थरथर पुसायची.

"शाई फिरवली की माणूस मेला," एकदा ती स्वतःच म्हणाली. "आयुष्यभर मी लोकांच्या रेघा सुधारल्या बाई. आता बिघडवू कशा?"

शेवटी तिने बारीक टाक उचलून माळ्यावर टाकले आणि मुलांचा जाड, बोथट खडू आणला. त्याने साफ रेघ ओढायची म्हटली तरी येत नाही. त्या खडूने तिची खोड मोडली, तीही पूर्ण नाही. हळूहळू तिचा एक क्रम बसला. आधी ठरवायचं, या माणसाला काय हवंय. मग पाठ काढायची, कारण पाठीला सोंग आणता येत नाही. मग पाय. तोंड सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर. दूधवाला नव्याने काढला तेव्हा त्याचं धड पायांच्या चार पावलं पुढे होतं. काका म्हणाले, "अरे, सांडशील!"

काकांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं तेव्हा ही चित्रंही बरोबर गेली. तिथे कोणी एकदम खोलीत शिरलं की काका भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जेवायचे नाहीत, औषध थुंकायचे. मग नर्सने रीतच पाडली. दाराबाहेर खिळ्याला पुठ्ठे टांगलेले असायचे. ज्याला आत जायचं त्याचा पुठ्ठा काढून ती आधी काकांना दाखवायची. आधी चित्र, मग माणूस. नर्स स्वतः किल्ल्यांचा जुडगा आणि लांब मान होती, डॉक्टर नुसतं कपाळ होते. भाचीचं चित्र कमरेत वाकलेलं होतं, समोरच्याच्या डोळ्यात शिरून नंबर तपासत असल्यासारखं. भाचीला ते पहिल्यांदा बघून राग आला होता. मग दुकानातल्या काचेत तिने स्वतःला तसंच वाकलेलं पकडलं आणि राग गिळला.

खिळ्यावर एकाच माणसाचं चित्र नव्हतं. "बायकोला कसलं आलंय चित्र?" मावशी म्हणायची. आणि सुरुवातीला लागतही नव्हतं. मग एक दिवस ती आत गेली, तर काका अदबीने उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा बाई. आमची मंडळी येतीलच एवढ्यात."

मावशी बसली. भेटीची वेळ संपेपर्यंत ती त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकोची वाट बघत बसली.

त्यानंतर ती स्वतःला काढायला लागली. आणि घाई होती, कारण आता शिंप्याचा पुठ्ठाही काका उलटा धरायला लागले होते. नर्सने हळूच सांगितलं होतं, "आजी, जे काय काढायचं ते लवकर काढा."

तोच पुठ्ठा आज पिशवीत होता.

शुश्रूषागृहाच्या पायऱ्यांवर मावशीने पदराने तोंड पुसलं. दारापाशी पंचा सोडून तिने पुठ्ठा नर्सच्या हातात दिला. खांद्यावर पिशवी, मधोमध न पाडता बाजूला पाडलेला भांग, एकीकडे कललेली मान. हुबेहूब होती. भाचीला हायसं वाटलं. दोघी दाराच्या फटीशी उभ्या राहिल्या.

काकांनी पुठ्ठा हातात घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला. जुन्या सवयीने एक डोळा बारीक केला.

"हं," ते म्हणाले. "ही ओळखीची दिसते."

मावशीने चौकट घट्ट धरली.

"पण ही ती नाही." त्यांचं बोट पुठ्ठ्यावर फिरत होतं. "हिची पिशवी बघा, भलत्याच खांद्यावर. भांग तिकडून. तिची मान अशी कलते, ही तशी कलवतेय. कुणीतरी आमच्या मंडळींची नक्कल करतंय, सिस्टर." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दार लावून घ्या. हिला आत येऊ देऊ नका."

नर्सने दाराकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

मावशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. भाची आपला, वाकलेल्या चित्राचा पुठ्ठा पुढे पाठवून आत गेली, काकांना भात भरवला, त्यांचं तोंड पुसलं. काका खुशीत होते. बायको फार कामाची आहे, उशीर झालाय पण येईल, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. भाची हो हो म्हणत राहिली. देवाने माणसाचं सगळं काढून घ्यावं आणि ही वाट बघणं तेवढं ठेवावं, हे तिला समजत नव्हतं. पण विचारणार कोणाला?

दोघी परत निघाल्या. लोक येत होते, जात होते, मावशीने एकाचीही पाठ दाखवली नाही. पुलाच्या कामाशी आल्यावर मात्र ती एकदम थांबली आणि हसायला लागली. भाची घाबरली.

"मावशी, काय झालं?"

"आरसा गं, आरसा! आरशात बघून काढलं मी. सगळं उलटं आलंय. पिशवी, भांग, मान, सगळं! छापखान्यात एक पान उलटं लागलं होतं तर मी जिन्यातून ओळखलं होतं, आणि आता स्वतःचं थोबाड उलटं छापून बसले."

"म्हणजे काकांचं बरोबर होतं!"

"त्यांचं कधी चुकलंय? घड्याळात एक दात झिजलेला दिसायचा त्यांना."

भाचीच्या जिवात जीव आला. "मग सोपं आहे की. उलटून काढ. आज संध्याकाळी बसू आपण."

मावशीने पिशवीतून कच्च्या चित्राचा कागद काढला, उन्हाकडे पाठमोरा धरला. कागद पातळ होता, रेघा आरपार दिसल्या. पिशवी आता योग्य खांद्यावर आली, भांग योग्य बाजूला गेला. दोघी बघत राहिल्या. कठड्यापलीकडे मजूर खडी ओतत होते, त्या आवाजात काही बोलावं लागलं नाही ते बरंच झालं.

कारण चित्रातल्या बाईची हनुवटी वर होती. खांदे सारखे, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू. भाची हे तोंड रोज बघते. दुकानात समोर आरसा धरला की गिऱ्हाईक हनुवटी उचलतं, पोट आत घेतं, आणि घरात कोणी कधी न पाहिलेलं तोंड करून चष्मा पसंत करतं.

"ही बाई यांनी पाहिलीच नाही कधी," मावशी म्हणाली. "मीसुद्धा आरशापुरतीच पाहिलेय." तिने कागद दुमडला. "सांग बघू. मला काय हवंय?"

उत्तर भाचीपाशी होतं. कितीतरी दिवसांपासून ती ते बघत आली होती. मावशी दारात यायची ती डोकं पुढे आणि अंग मागे अशी. टाचण्या तोंडात धरल्यासारखे ओठ मिटलेले. नजर आधी जमिनीवर, काय पुसायचं राहिलंय ते बघत. आणि अलीकडे उंबऱ्यात उभी राहिली की एक पाऊल आत आणि दुसरं बाहेरच्या बाजूला वळलेलं. तिला काय हवंय ते त्या वळलेल्या पावलात होतं. ती दमली होती. हे सगळं एकदाचं संपावं असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटतं याची लाज म्हणून ती रोज घरून आणखी लवकर निघत होती.

"मला नाही सांगता येत, मावशी."

"येतंय. तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"तुला राग येईल."

"तुझं चित्र मी वाकलेलं काढलं तेव्हा तुला नाही आला राग?"

"आला होता."

"मग?" मावशीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि लगेच परत पहिल्या खांद्यावर आणली. खडीची गाडी निघून गेली होती. आवाज नव्हता, त्यामुळे ती हळू बोलली तरी सगळं ऐकू आलं.

"तू काढ मला. तुझी रेघ वाकडी आहे, ते बरंय. जशी दिसते तशी काढ, माझी भीड धरू नकोस. मात्र मला दाखवू नकोस. उद्या नर्सच्या हातात तूच दे, मी बाहेर बाकावर बसेन. यांनी ओळखलं तर मला हाक मार. आणि नाही ओळखलं, तर बाहेर येऊन काही सांगू नकोस. त्यांना जेवू घाल, तोंड पूस, ये, आणि मग आपण आपल्या घरी जाऊ."